सेलूच्या तळघरातली डबी

पिंगळीची एक अख्खी गल्ली मी एका वाक्यात घराबाहेर काढली होती, ही माझी या कामातली पहिली कामगिरी. वाक्य तसं साधं होतं. "तुमच्या घरात विषारी वायू आहे का, ते बघायला आलोय."

सकाळच्या पॅसेंजरने स्टेशनावर उतरलो होतो. खांद्याला शबनम, शबनममध्ये प्लॅस्टिकच्या डब्या. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारबा बसले होते. त्यांनी विचारलं, "काय इकायलाव?" विकत काहीच नाही म्हणून मी वरचं वाक्य त्यांच्यापुढे ठेवलं. म्हातारबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा डबीकडे, आणि घरात तोंड करून ओरडले, "अगं ए, पोरं बाहीर काढ आधी!"

भोपाळचं तेव्हा सगळ्यांच्या कानावर होतं. बघता बघता गल्लीत बाजा आल्या, शेळ्या आल्या, पाळण्यासकट एक तान्हं बाळ आलं. एका घरातून तर शिजत असलेलं वरण चुलीवरून तसंच उचलून आणलं. मी हात जोडून सांगत होतो, "अहो, नाहीये. फक्त आहे का, ते बघायचंय."

"म्हंजी न्हाई म्हणून सांगता बी येईना तुमाला?" वरणवाल्या बाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजातले पाठक सर स्कूटरवरून आले. त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरात आत बसून चहा घेतला, तेव्हा कुठे लोक आत गेले. सरांना आठवडाभर पित्ताचा त्रास झाला. परत येताना मला एवढंच म्हणाले, "सोनटक्के, यापुढे आधी आपलं नाव सांगायचं, मग पाणी मागायचं, आणि वायूचं सगळ्यात शेवटी."

परभणीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मुलांना भिंगं, लोलक, बॅटऱ्या काढून देणं, संध्याकाळी मोजून कपाटात ठेवणं, एवढंच काम. नव्वद सालच्या आसपास पाठक सरांनी जिल्ह्यातल्या घरांमधला रेडॉन मोजायचं मनावर घेतलं आणि मी भिंगांमधून सुटून एसटीत बसलो. आज नोकरीची थोडीच वर्षं उरलीत. आयुष्यातली चांगली वर्षं कुठली असं कुणी विचारलं, तर मी त्या डब्यांचीच सांगतो.

रेडॉन म्हणजे काय, हे लोकांना सांगता सांगता मलाच नीट समजलं. दगडामातीत युरेनियमचा अगदी बारीक अंश असतो. तो आपला युगानुयुगं झिजत असतो, आणि त्या झिजण्यातून पुढे हा वायू सुटतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. उघड्यावर आला की वाऱ्यात विरून जातो, त्याचं कुणाला काही नाही. पण जमिनीला टेकलेली बंद खोली असली, की फरशीच्या भेगांतून वर येतो आणि साचून राहतो. डोकं दुखत नाही, खोकला येत नाही, आज झोपला आणि उद्या उठला नाही असंही होत नाही. मात्र वर्षानुवर्षं तो श्वासातून जात राहिला, तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. विडी ओढणाऱ्याचा तर फारच वाढतो. एवढं सांगून झालं की समोरचा माणूस हातातली विडी विझवायचा आणि मी वळलो की पुन्हा पेटवायचा.

आमची डबी चहाच्या पेल्याएवढी. तिच्या तळाला आतून लालसर फिल्मचा नखाएवढा तुकडा चिकटवलेला, तोंडाला विरळ कापड. ती खोलीत उंचावर टांगायची आणि तीन महिने विसरायची. रेडॉनमधून सुटणारे बारीक कण फिल्मवर आपटतात आणि डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उमटवतात. डबी परत आणली, की ती फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात घालायची. ओरखडे रुंद होतात, आणि मायक्रोस्कोपखाली लाल आभाळात चांदण्या दिसाव्यात तशी ती पांढरी भोकं दिसतात. ती मोजायची. सगळा दिवस एक डोळा मिटून बसायचं. सोड्याचा उग्र वास, खिडकीबाहेरचं कडुलिंबाचं झाड, मागच्या टेबलावर सरांचं स्वतःशीच पुटपुटणं. त्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत. मी कधी आत गेलो तर अजूनही डावा डोळा आपोआप मिटतो.

आपल्याकडचा काळा दगड युरेनियमच्या बाबतीत गरीब आहे, असं सर सांगत. त्यामुळे बहुतेक घरांत काही निघायचं नाही. "काही निघालं नाही, हेही कुणीतरी मोजायला हवं ना, सोनटक्के," असं ते म्हणायचे. आमची अडचण रेडॉनची नव्हतीच, ती होती डब्यांची. तीन महिने कुणीही हात लावायचा नाही अशी वस्तू घरात टांगली, की घरातल्या प्रत्येकाला तिला हात लावावासा वाटतो. सोनपेठला एका घरात डबीला हळदकुंकू वाहिलेलं होतं, ते चाललं असतं. पण डबीच्या तोंडात कापसाचा बोळा घट्ट कोंबला होता. घरधनीण कौतुकाने म्हणाली, "तुमचा ग्यास आत शिरून सरकारी वस्तू खराब हुईल म्हून बंद करून ठिवली." दुसऱ्या एका घरात फिल्म काढून डबीत सुपारी ठेवलेली. तिसरीकडे दिवाळीच्या रंगकामात डबीही रंगवली होती, आणि तीही अगदी निगुतीने, दोन हात देऊन.

सोनपेठच्याच शिवारात एका मेंढपाळ कुटुंबाचं पाल होतं. तुलनेसाठी एक डबी तिथे लावावी असं सरांच्या मनात आलं. तिथल्या म्हातारीने डबी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "लाव बाबा. पर आमच्या घराला भिंतीच न्हाईत. तुझा वायू बसंल कुठं?" जिल्ह्यातला सगळ्यात कमी आकडा तिच्याच पालातून आला. ती डबी मिळवायला मात्र मला तीन गावं मेंढरांच्या मागे फिरावं लागलं.

दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. कधी बंद, कधी एसटी अर्ध्या रस्त्यातून माघारी. अनोळखी माणूस पिशवी घेऊन गावात शिरला, की लोक आधी पिशवीकडे बघायचे, मग आडनाव विचारायचे. सोनटक्के म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "सोनटक्के म्हंजी कुठले?" त्या प्रश्नात आणखी एक प्रश्न असायचा, तो कुणी तोंडाने विचारत नसे. मी म्हणायचो, परभणीचा. हवा सगळ्यांच्या घरात तीच आहे, हे सांगत फिरणारा माणूस मी. आणि दारात उभं राहून पाणी मागितलं की पेला कुठला द्यावा याचा विचार करणारी माणसं मला दिसायची. त्याची डबी आमच्याकडे नव्हती.

तर सेलू. तळघर असलेलं, माणसं राहत असलेलं एक घर सेलूला आहे असं कळल्यावर सर लहान मुलासारखे खूश झाले. मोंढ्याजवळच्या, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजाराजवळच्या गल्लीत सरकी-पेंडीचे व्यापारी अण्णा यांचं ते घर. पुढे दुकान, मागे घर, घर माणसांनी गच्च भरलेलं. जिनिंगच्या हंगामात त्या गल्लीत कापसाची म्हातारी उडत असायची, चहाच्या कपात पडायची, फुंकून प्यायचा.

दिवाणखान्यात एक, स्वयंपाकघरात एक डबी लावून मी तळघरात उतरलो. मला वाटलं होतं पोती असतील. तर तिथे लोखंडी पलंग, त्यावर फुलं भरलेली चादर, कोनाड्यात ट्रान्झिस्टर, भिंतीला आरसा. एक पिवळा बल्ब. खिडकी नाही, झरोका नाही. अण्णांचा धाकटा मुलगा सुधाकर माझ्यामागे उभा होता. कान लाल करून म्हणाला, "ही आमची खोली. माझी आन मंगलची."

तीन महिन्यांनी डब्या आणल्या. वरच्या दोन्ही डब्यांत इकडे एक, तिकडे एक चांदणी. तळघरातली फिल्म मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मी मिटलेला डोळाही उघडला. चांदण्या मोजता मोजता एकीत एक मिसळत होत्या. सरांनी स्वतः पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "घाबरण्यासारखं नाही. पण वर्षानुवर्षं तिथे झोपण्यासारखंही नाही. जाऊन सांगा."

मी गेलो तेव्हा अण्णा मोंढ्यात होते. ओट्यावर टेकलो. मंगल पाण्याचा तांब्या-पेला घेऊन आली आणि दाराच्या चौकटीशीच थांबली.

"दादा, आमच्या खोलीचं काय निघालं?"

मी सांगितलं. हवा साचलीय, तिथे रोज झोपू नये असं सर म्हणतात.

ती वळून स्वयंपाकघराकडे बघून आली. आवाज खाली आणला. "लगीन होऊन आले तवापासून मी माजघरात झोपायचे. सासूबाई, दोन जावा, त्यांची पोरं, आन मधी मी. हे दुकानात, पेंडीच्या पोत्यावर. एकमेकांशी बोलायचं म्हनलं तर आडावर पाणी शेंदताना. लय विनवण्या केल्या तवा ही खोली मिळाली. समदी सरकी मी हातानं उपसली, दादा. जाळ्या काढल्या, चुना लावला. आन आता तुमी म्हणायलाव, तिथं झोपू नगा."

मी पाणी पीत राहिलो. पेल्यात पाणी संपलं होतं.

"तुमचा ग्यास किती वर्सांनी मारतो?"

"मारतोच असं नाही, वहिनी. वीस-पंचवीस वर्षं रोज तिथे काढली, तर धोका वाढतो."

"मंग वीस वर्सं तर हायेत न हातात," ती म्हणाली. "माजघरानं तर मला आताच मारायला घेतलंय. दादा, अण्णांला सांगू नगा."

तेवढ्यात अण्णा आलेच. उपरण्याने कापूस झटकत म्हणाले, "काय मास्तर, किती मार्क पडले आमच्या घराला?"

"एकदा अजून तपासावं लागेल," मी म्हणालो आणि मिळेल ती एसटी पकडली.

सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. "लपवायचं तर नाहीच," ते म्हणाले. "पण उपाय न सांगता नुसता धोका सांगणं म्हणजे पुन्हा पिंगळी होणार. फरशीच्या भेगा सिमेंटने बुजवायच्या आणि वारा खेळता करायचा. एक खिडकी पाडली की काम झालं. जा, खिडकी मागून या."

इतकं सोपं असतं तर ही हकिकत इथेच संपली असती. तळघराची मागची भिंत वरच्या बाजूला जमिनीच्या बाहेर आलेली होती, खिडकी तिथेच होणार. पण भिंतीपलीकडे अंगण होतं अण्णांच्या चुलतभावाचं, दामूअण्णांचं. आणि दोघांचं बोलणं बंद होतं. मी अण्णांना आकडा आणि उपाय दोन्ही सांगितले.

"न्हाई जमणार," अण्णा म्हणाले. "वाटण्या झाल्या तवा पंचांपुढं ठरलंय. ह्या भिंतीला भोक पडायचं न्हाई. त्याच्या अंगानं न्हाई, माझ्या अंगानं न्हाई. तळघराला कुलूप लावतो. पोरीला माजघर हाय की, चांगलं ऐसपैस."

दाराआड बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

मी म्हटलं, "मी दामूअण्णांना विचारून बघू?"

"तुमी इचारा. मी इचारलं असं म्हणायचं न्हाई. मी बिलकुल इचारलेलं न्हाई."

दामूअण्णा अंगणात बाजेवर पडले होते. सरांच्या शिकवणीप्रमाणे मी नाव सांगितलं, पाणी मागितलं, आणि शेवटी वायूचं काढलं. ते ताडकन उठून बसले.

"म्हंजी त्यांच्या तळघरातला इषारी वायू तुमी माझ्या अंगणात सोडायलाव?"

"अहो, उघड्यावर आला की विरून जातो तो."

"मंग त्यांच्या अंगणात इरू द्या की. माझ्याच अंगणात का म्हून?"

मी युरेनियमपासून सुरुवात केली. ते मान हलवत शांतपणे ऐकत होते. सगळं संपल्यावर म्हणाले, "ते सगळं खरं हाय, मास्तर. पर त्यांच्या घराला डबी लागली आन माझ्या घराला न्हाई, हे कसं?"

मी शबनममधून डबी काढून त्यांच्या माजघरात टांगली. पुन्हा तीन महिने. मधल्या काळात तळघराला खरंच कुलूप लागलं. एकदा मोंढ्यात सुधाकर भेटला, त्याच्या सदऱ्याला पेंडीचा वास येत होता. मी मान खाली घालून पुढे सरकलो. एखादं काम चांगलं म्हणून हाती घ्यावं आणि त्यापायी कुणाचा तरी संसार दोन खोल्यांत तुटून पडावा, हे मला झोपू देत नव्हतं.

दामूअण्णांचा आकडा अगदी किरकोळ निघाला. ऐकून त्यांची छाती फुगली. "त्यांचा किती? आन आमचा एवढासाच? मंग दिली खिडकी! त्यांना सांगा, दामूनं उपकार म्हून दिली."

मी ते शब्द वगळून अण्णांना सांगितलं, तरी अण्णांना ते ऐकू आले. "त्याचा उपकार? अजाबात न्हाई. कुलूप राहू द्या."

झालं. दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीवर डोकं आपटत उभा मी. तेवढ्यात आतून काकू बाहेर आल्या. काकू म्हणजे अण्णांच्या मालकीण. आतापर्यंत या बाईंनी मला चहाशिवाय काही दिलं नव्हतं, एक शब्दसुद्धा नाही. त्या अण्णांना म्हणाल्या, "तुमी दुकानात बसा."

"का?"

"बसा म्हणते. खिडकीचं माझं आन धाकलीचं ठरलंय."

"कोण धाकली?"

"दामूभावजींची बायकू. भांडण तुमचं हाय. आमी दोघी जावा दर शुक्रवारी देवीच्या देवळात भेटतो."

"दर शुक्रवारी?" अण्णांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. इतकी वर्षं ज्या सीमेवर ते पहारा देत बसले होते, तिथून दर आठवड्याला कुरड्या-पापडांची ये-जा चालू होती.

दोघी जावांनी सगळं ठरवून टाकलेलं होतं. खिडकी वरच्या अंगाला, हात न पोचेल अशी. तिला जाळी, जाळीवर उतरती पत्र्याची झापड, म्हणजे वारा जाईल पण ह्या घरातून त्या अंगणात आणि त्या अंगणातून ह्या खोलीत कुणाला डोकावता येणार नाही. "नव्या जोडप्याची खोली हाय," काकू मान खाली घालून म्हणाल्या आणि आत गेल्या.

गवंड्याने पहार घातली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. अण्णा दुकानात पेंड जोखत होते. पहारीचा प्रत्येक घाव पडला की मोठ्यांदा विचारायचे, "कोण ठोकायलंय रं?" गिऱ्हाईक, गडी, सुधाकर, कुणीही उत्तर द्यायचं नाही. अण्णाही उत्तराची वाट न बघता पुढचं माप घालायचे. पलीकडे दामूअण्णांनी बाज उचलून पुढच्या दारी नेली होती, कारण त्यांनाही काही माहीत नव्हतं. दुपारी दगड निखळला आणि तळघरात उन्हाचा एक पट्टा उतरला. त्या पट्ट्यात धूळ नाचत होती. मंगल पायरीवर उभी राहून बघत होती. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "धूळ लय हाय."

भेगा बुजवल्या, कुलूप निघालं, मी नवी डबी टांगली. तीन महिन्यांनी ती फिल्म मायक्रोस्कोपखाली ठेवली. लाल आभाळ जवळजवळ रिकामं होतं. मी सरांना बोलावलं. सरांनी बघितलं, आणि ज्या माणसाने मला कधी नुसतं शाबास म्हटलं नव्हतं, त्याने स्वतःच्या डब्यातली पुरणपोळी काढून निम्मी माझ्या हातावर ठेवली.

सेलूला सांगायला गेलो तर मंगलनेच चहा आणला. या वेळी चौकटीशी थांबली नाही, ओट्यापर्यंत आली. "दादा, आता खोलीत उजेड बी येतो. ह्यांचं तोंड मी पहिल्यांदाच दिवसा निवांत बघितलं."

"मग?"

"मंग काय! बल्बातच बरं दिसायचं." आणि हसत आत पळाली. सुधाकरचे कान पुन्हा लाल.

पुढे किल्लारीच्या भूकंपानंतर लोक आमच्या मागे लागले, डबी लावा म्हणजे पुढचा भूकंप आधी कळेल. असं कळत नाही हे सांगताना जीभ जड व्हायची. तिकडे माणसं गेली होती आणि इकडे लोक पावसाळी थंडीत घराबाहेर झोपत होते. नंतर सरांची बदली झाली, काम थांबलं. कितीतरी डब्या परत आणायच्या राहून गेल्या. कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी तुळईला त्या अजून लटकत असतील आणि त्यांच्यावर चांदण्या उमटत असतील. त्या मोजायला कुणी जाणार नाही, याची हळहळ वाटते.

पण सेलूहून परतलो त्या संध्याकाळी मला हळहळ वगैरे काही नव्हती. छाती दामूअण्णांपेक्षा जास्त फुगलेली. परभणीच्या आमच्या दोन खोल्यांत बायको भाकरी थापत होती. तिच्यासमोर पाट घेऊन मी सगळी हकिकत रंगवून सांगितली. मंगलची, माजघराची, पेंडीच्या पोत्याची, खिडकीची. तिने शेवटची भाकरी तव्यावर टाकली, हाताचं पीठ झटकलं आणि म्हणाली,

"चांगलं केलंत. आता एक डबी आपल्या घरात बी लावा. मी झोपते तिथं. तुमच्या आईच्या आन तुमच्या बहिणीच्या मधी."